नव्या कॉमिकच्या पहिल्या अंकावर मत कसं लिहावं

नव्या भयकथेचा किंवा विज्ञानकथेचा पहिला अंक येतो आणि दोन दिवसांत त्याच्यावर ढीगभर लिहून होतं. त्यातलं बरंचसं वाचताना लक्षात येतं की लिहिणाऱ्याने गोष्ट सांगितली आहे, मत दिलेलंच नाही. चार परिच्छेद कथानक, मग 'चित्रं अप्रतिम, रंगसंगतीही छान' एवढी एक ओळ, आणि शेवटी पाचपैकी चार तारे. प्रकाशकाची जाहिरात वाचून, अंक न उघडताही हे लिहिता आलं असतं.

नव्याने लिहू लागलेल्यांना मी एकच नियम सांगतो आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याचसाठी आहेत. जे म्हणायचं ते अंकातल्या एखाद्या पानावर बोट ठेवून म्हणता आलं पाहिजे. 'अंक संथ वाटला' हे मत नव्हे, ती कुरकुर झाली. 'आठव्या ते अकराव्या पानापर्यंत दोन माणसं टेबलाशी बसून बोलतात आणि चार पानांत चित्रकार एकदाही बघण्याची जागा बदलत नाही' हे मत. वाचणारा ते पान उघडून तुमच्याशी भांडू शकतो, आणि ते चांगलंच आहे.

आधी हातात काय आहे ते बघा

सगळी कॉमिक्स एका मापाची नसतात. अमेरिकी मासिक अंकात गोष्टीची पानं साधारण २० ते २२ असतात. पाच-सहा अंक झाले की त्यांचं एकत्र पुस्तक निघतं, आणि बरेच लेखक त्या पुस्तकाचा हिशेब धरूनच लिहितात. म्हणजे पहिला अंक हा अख्ख्या गोष्टीचा पाचवा-सहावा हिस्सा. फ्रेंच-बेल्जियन अल्बम परंपरेने ४८ पानांचा, मोठ्या आकाराचा, पुठ्ठा बांधणीचा. ब्रिटनमध्ये १९७७ पासून निघणाऱ्या '२००० एडी' या साप्ताहिकात एका मालिकेच्या वाट्याला आठवड्याला पाच-सहा पानं येतात. जपानमध्ये बहुतेक मालिका आधी नियतकालिकात प्रकरणाप्रकरणाने येतात आणि नंतर टँकोबोन म्हणून छोट्या पुस्तकांत बांधल्या जातात. त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या.

हे माहीत नसलं की माप चुकतं. सहा पानांच्या भागाला 'पात्रं उभी राहत नाहीत' म्हणून धरणं हा अन्याय. उलट ४८ पानांच्या अल्बमला 'पुढे रंगेल बहुतेक' म्हणून सोडून देणं ही फुकटची मेहेरबानी. मर्यादित मालिका असेल तर मुखपृष्ठावर किंवा आतल्या श्रेयनामावलीत '५ पैकी १' असा उल्लेख सहसा असतो, तो आधी शोधा. पाच अंकांत संपणाऱ्या गोष्टीने पहिल्या अंकात तोंडओळख करत बसणं परवडत नाही. अमर्याद चालणारी मालिका थोडी ऐसपैस बसली तर चालतं.

मुखपृष्ठाबद्दल एक ताकीद. ते काढणारा चित्रकार आणि आतली पानं काढणारा चित्रकार पुष्कळदा वेगवेगळे असतात. त्यात एकाच अंकाची चार-पाच पर्यायी मुखपृष्ठं निघतात, आणि त्यातली काही दुकानदाराने २५ किंवा ५० प्रती मागवल्या तरच एक मिळते अशा अटीवर दिलेली असतात. मुखपृष्ठ पाहून आतल्या चित्रकाराचं कौतुक करणारे लेख दर महिन्याला दिसतात. श्रेयनामावली वाचायला अर्धा मिनिट लागतो.

पहिलं वाचन: नुसतं वाचा

पेन, वही, फोनवरची टिपणं, सगळं बाजूला. एका बैठकीत शेवटपर्यंत जा. फक्त एवढंच लक्षात ठेवा की कुठे मागे जावं लागलं. मागे जाण्याची कारणं दोन असतात. एक, काहीतरी दिसलं आणि परत बघावंसं वाटलं. दुसरं, कळलंच नाही. पहिलं चित्रकाराचं यश, दुसरं सहसा कुणाचं तरी अपयश, आणि ते कुणाचं हे पुढच्या वाचनात शोधायचं.

पडद्यावर वाचत असाल तर पूर्ण पान एकदम दिसेल असं ठेवा. एकेक चौकट मोठी करून पुढे सरकवणारी सोय फोनवर वाचायला बरी, मत द्यायला नाही. पानाची रचना हाच चित्रकाराच्या कामाचा अर्धा भाग, आणि त्या सोयीत तो दिसतच नाही.

दुसरं वाचन: फुगे झाकून

हे करायला थोडं येड्यासारखं वाटतं, पण याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. फुग्यांतले संवाद न वाचता फक्त चित्रं बघत जा. कोण कुठे उभं आहे, कोण कुणाला घाबरतंय, दोन प्रसंगांमध्ये वेळ किती गेला, खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे, हे कळतंय का? कळत असेल तर चित्रकाराने गोष्ट पेलली आहे. मग उलट करा, फक्त शब्द वाचा. शब्दांतूनच सगळी गोष्ट समजत असेल तर लेखकाचा आपल्या चित्रकारावर विश्वास नाही. पात्र दार उघडताना दिसतंय आणि फुग्यात 'मी दार उघडून बघतो' असं लिहिलंय, असली जोडी सापडली की पानाचा नंबर टिपून ठेवा. एकदा झाली तर सोडून द्या. अंकभर होत असेल तर तोच तुमच्या लेखाचा मुद्दा.

चौकटींच्या मधल्या मोकळ्या पट्टीकडेही बघा. कॉमिक्सवाले तिला गटर म्हणतात. दोन चौकटींमध्ये जे घडलं ते वाचणारा मनात भरून काढतो, आणि कॉमिक चालतं ते त्याच्यावर. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार मांडले: क्षणाकडून क्षणाकडे, कृतीकडून कृतीकडे, विषयाकडून विषयाकडे, प्रसंगाकडून प्रसंगाकडे, एकाच जागेच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे, आणि सहावा अगदीच असंबद्ध. ही यादी पाठ करायची गरज नाही. पण मारामारीच्या पानावर कृतीकडून कृतीकडे जाणारी साखळी मध्येच तुटली आहे का, हे तपासायला ती कामी येते. ठोसा कुणी मारला तेच कळलं नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा गटरमध्ये सापडते.

आता एकच पान घ्या

पूर्ण अंकावर लिहिण्याआधी एक पान निवडा आणि त्याच्यापाशी दहा मिनिटं बसा. कसं बसायचं ते दाखवण्यासाठी एक कल्पित पान घेऊ. भयकथा, पान सात, म्हणजे उघडलेल्या अंकात उजव्या हाताचं. सहा सारख्या चौकटी: तीन ओळी, प्रत्येकीत दोन. पहिलीत एक बाई भांडी घासायच्या जागी पाठमोरी उभी. दुसरीत तिचे हात आणि कप. तिसरीत समोरची खिडकी, बाहेर अंधार, काचेत तिचं प्रतिबिंब. चौथीत पुन्हा हात, पाणी वाहतंय, कप नाही. पाचवीत तीच खिडकी, तोच आकार, पण काचेतलं प्रतिबिंब आता पाठमोरं आहे. सहावीत तिचा चेहरा जवळून, नजर खाली, तिने खिडकीकडे पाहिलेलंच नाही. एकही शब्द नाही.

हे पान भीती का घालतं? तिसरी आणि पाचवी चौकट बरोबर एकीखाली एक आल्या आहेत, दोन्ही डाव्या बाजूला. डोळा आपोआप त्यांची तुलना करतो. काय बदललं हे कुणी सांगत नाही, वाचणारा स्वतः शोधतो, आणि स्वतः शोधलेली गोष्ट जास्त बोचते. पाचव्या चौकटीत 'काहीतरी बिनसलं होतं' अशी निवेदनाची पट्टी टाकली असती तर पानाचा जीव गेला असता. रंग बघा: समजा, खिडकीच्या चौकटी थंड हिरवट आहेत आणि बाकीच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात. सहाव्या चौकटीत तो हिरवा तिच्या गालावर उतरलेला असेल, तर ते काम रंग भरणाऱ्याचं, लेखकाचं नव्हे. आणि सहावी चौकट उजव्या पानाच्या तळाशी आहे. पुढे काय, ते पान उलटल्यावरच.

पान उलटणं हे छापील कॉमिकचं सगळ्यात मोठं हत्यार. पाश्चात्त्य अंकात धक्का डाव्या पानावर ठेवतात, कारण तो उलटल्याशिवाय दिसत नाही. उजव्या पानावर ठेवला तर शेजारचं पान वाचतानाच नजरेच्या कोपऱ्यातून फुटतो. जपानी वाचनक्रमात हेच आरशातल्यासारखं उलटं. मासिक अंकात मध्ये जाहिराती घुसतात आणि ही आखणी बिघडू शकते, म्हणून फुटलेला धक्का पाहून लगेच चित्रकारावर घसरू नका. एकत्रित पुस्तकात तेच पान योग्य जागी बसलेलं सापडतं.

जॉनरने काय कबूल केलंय

प्रत्येक जॉनरचा, म्हणजे कथाप्रकाराचा, वाचकाशी एक अलिखित करार असतो आणि नवा अंक तो पाळतो, मोडतो की विसरतो, हे सांगणं तुमचं काम. मोडणं आणि विसरणं यात फरक आहे.

भयकथेवर थोडं जास्त बोलतो, कारण कॉमिकमध्ये ती सगळ्यात अवघड. चित्रपटात अचानक आवाज करून दचकवता येतं. कॉमिकला आवाज नाही, आणि वेळ वाचणाऱ्याच्या हातात. शिवाय पान उघडताच सगळ्या चौकटी एकदम दिसतात. शेवटच्या चौकटीत मोठं भूत काढलं तर वाचणारा पहिल्या चौकटीपासून त्या भुताकडेच बघतो. म्हणून चांगली भयकथा दचकवण्यापेक्षा बेचैन करण्यावर भर देते, आणि वरच्या पानातल्यासारखा बारीक बदल वापरते, जो पहिल्या नजरेतून निसटतो. नव्या भयकथेबद्दल लिहिताना 'भीती वाटली नाही' एवढं म्हणून थांबू नका. तिने कुठली वाट धरली होती आणि ती कुठल्या पानावर सुटली ते सांगा.

थोडा इतिहासही लागतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ईसी कॉमिक्स या प्रकाशनाच्या भयकथा जोरात होत्या: सहा-आठ पानांची गोष्ट, शेवटी क्रूर कलाटणी, आणि सूत्रसंचालन करणारं एखादं खवचट पात्र. १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या कॉमिक्स कोड या नियमावलीने शीर्षकात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरायला बंदी केली, आणि रक्तपिपासू पिशाच्चं, चालती प्रेतं, नरवृक (लांडगा होणारी माणसं) हेही बाद झाले. १९७१ मध्ये कोड सैल झाला तेव्हा अभिजात साहित्यातून आलेले रक्तपिपासू आणि नरवृक परत आले, झॉम्बी, म्हणजे चालती प्रेतं, मात्र बाहेरच राहिले. शेवटचे प्रकाशक कोडमधून बाहेर पडले ते थेट २०११ मध्ये. ईसीचं नावही २०२४ मध्ये ओनी प्रेस या प्रकाशकाने पुन्हा बाजारात आणलं. त्यामुळे आज छोट्या छोट्या भयकथांचा अंक हातात पडला आणि प्रत्येक गोष्ट शेवटच्या चौकटीत पापाची शिक्षा देत असेल, तर ते जुन्या घराण्याचं गाणं आहे हे ओळखता यायला हवं. त्याला 'कलाटणी अपेक्षित होती' म्हणून नापास करणं सोपं आहे. त्या घराण्यात कलाटणी येणार हे ठरलेलंच असतं, बघायचं ते ती किती तिरकी येते.

विज्ञानकथेच्या पहिल्या अंकाचा नेहमीचा आजार म्हणजे माहितीचा मारा. पहिल्या तीन पानांत सात निवेदनपट्ट्या, दोन युद्धं, चार संस्थांची नावं. एक चाचणी करा: त्या जगाबद्दल तुम्हाला काय काय कळलं ते लिहा आणि त्यातलं चित्रातून किती आलं त्यावर खूण करा. अंतराळयानाच्या दाराची मूठ हात लागून लागून झिजलेली दाखवली की यान जुनं आहे हे पट्टीत लिहावं लागत नाही. अद्भुतकथेचंही तेच, फक्त तिथे युद्धांऐवजी राजवंश असतात.

गुन्हेकथेत दोनच गोष्टी कडक तपासा. चेहरे वेगळे ओळखू येतात का? सावल्या, टोप्या आणि पाऊस यांच्या नादात सगळे पुरुष एकसारखे दिसणं हा या जॉनरचा जुना रोग. आणि पुरावा चित्रात होता का? शेवटी उघड झालेली गोष्ट मागच्या एखाद्या पानावर कोपऱ्यात काढलेली सापडली तर लेखक-चित्रकार दोघांना सलाम; नुसती संवादातून सांगितली असेल तर वाचकाला फसवलंय.

सुपरहिरोंच्या अंकांना हीच पट्टी लावा, फक्त एक जास्तीचा प्रश्न: मागचं काहीही न वाचलेल्या माणसाला हा अंक कळेल का?

श्रेय ज्याचं त्याला

लेखक, पेन्सिलचं काम करणारा, शाई फिरवणारा, रंग भरणारा कलरिस्ट, फुग्यांतली अक्षरं बसवणारा लेटरर, संपादक. कधी दोन-तीन कामं एकच माणूस करतो, कधी सहा वेगळे. नव्या लिहिणाऱ्यांचा कल सगळं लेखकाच्या खात्यावर जमा करण्याकडे असतो, कारण लेखकाचं नाव आधी आणि ठळक असतं. 'लेखकाने शांततेचा सुंदर वापर केला' असं लिहिण्याआधी विचार करा. ती शांतता संहितेत होती की चित्रकाराने तीन चौकटींच्या पाच करून मिळवली, हे बाहेरून सांगता येत नाही. अशा वेळी 'या पानावर' असं म्हणावं, कुणा एकाला चिकटवू नये.

लेटरिंगकडे फारच थोडे जण बघतात. ते नीट असतं तेव्हा दिसत नाही. फुगे कुठल्या क्रमाने वाचायचे याचा गोंधळ झाला, फुग्याची शेपटी भलत्याच तोंडाकडे गेली, दोन निवेदकांच्या पट्ट्या एकाच रंगाच्या आल्या, की वाचणारा अडखळतो आणि दोष गोष्टीवर ढकलतो. पहिल्या वाचनात मागे जावं लागलेली जागा इथे तपासा.

लिहायला बसल्यावर

कथानक तीन वाक्यांत. त्याहून जास्त लागत असेल तर अजून तुम्हाला काय म्हणायचंय ते ठरलेलं नाही. रहस्यभंगाची सीमा मी अशी धरतो: प्रकाशकाने जाहिरातीत जे स्वतः सांगितलंय तेवढं मोकळेपणाने, आणि पहिल्या सात-आठ पानांपलीकडचं काही सांगायचं झालं तर आधी इशारा देऊन. शेवटच्या पानाबद्दल 'ते काम करतं' किंवा 'करत नाही' आणि का, हे ते पान न फोडता लिहिता येतं. थोडं कष्टाचं आहे एवढंच.

मग तुमचं एक पान, आणि त्याच्या आधाराने मुख्य मुद्दा. गुळमुळीत वाक्यं शोधून मोडा. 'चित्रशैली वातावरणनिर्मितीला पूरक आहे' हे वाक्य कुठल्याही अंकाला चालतं, म्हणून ते काढून टाकायचं. त्या जागी: 'घराच्या आतल्या चौकटींना कडक काळी रेघ आहे, जंगलातल्या चौकटींना रेघच नाही, आणि पंधराव्या पानावर घरातल्याच एका चौकटीची रेघ पुसट होऊ लागते.' वाचणारा आता अंक उघडून ती रेघ शोधेल.

तारे द्यायचे असतील तर द्या, मी पहिल्या अंकाला देत नाही. त्यापेक्षा 'दुसरा अंक घेणार का, आणि कशासाठी' याचं सरळ उत्तर वाचकाच्या जास्त कामाचं. आणि ते लवकर द्या. अमेरिकी मासिक अंकांची कॉमिक दुकानांकडून येणारी अखेरची मागणी अंक येण्याच्या काही आठवडे आधीच नक्की होते, आणि तिथल्या व्यवस्थेत न खपलेल्या प्रती सहसा परत घेतल्या जात नाहीत. म्हणजे पहिला अंक वाचकांच्या हातात पडतो तेव्हा दुसऱ्याची मागणी बहुतेक वेळा ठरून गेलेली असते आणि तिसऱ्याची जवळ आलेली असते. नव्या, छोट्या मालिकेबद्दल महिनाभराने लिहिलेला सुंदर लेख तिच्या फारसा कामी येत नाही.

परीक्षणासाठी प्रत फुकट मिळाली असेल तर तसं लिहा. ती डिजिटल प्रत अंतिम छपाईआधीची असू शकते, म्हणून शुद्धलेखनावर किंवा लेटरिंगवर तोंडसुख घेण्याआधी छापील अंक बघा. नमुना म्हणून एखादी चौकट दाखवा. अख्खी पानं, त्यातही शेवटची, चिकटवू नका.

तिसऱ्या अंकाला परत या

पहिल्या अंकावरचं मत हे पहिल्या अंकावरचंच असतं. 'द वॉकिंग डेड' ही झॉम्बींची अमेरिकी मालिका २००३ ते २०१९ अशी १९३ अंक चालली. पहिले सहा अंक टोनी मूर यांनी काढले आणि सातव्यापासून शेवटपर्यंत चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी. पहिल्या अंकाच्या चित्रांवर जो कुणी अख्ख्या मालिकेचं भाकीत करून बसला असेल, त्याने दुसऱ्याच माणसाच्या हाताबद्दल लिहिलं होतं.

म्हणून मूळ लेख न बदलता तिसऱ्या अंकानंतर त्याच्याखाली तारीख घालून पाच-सहा ओळी जोडा. पहिल्या अंकाने जी आश्वासनं दिली होती त्यातलं काय आलं, काय लांबणीवर पडलं, चित्रकार किंवा कलरिस्ट बदलला का, आणि तुम्ही निवडलेलं ते एक पान आता कसं वाचलं जातं. एकत्रित पुस्तक निघालं की तेच पान तिथे उघडून बघा. जाहिराती गेलेल्या असतात आणि उजव्या-डाव्याची मांडणी बदललेली असू शकते.